ज्याची केस, त्याचं तोंड

कुंदाताई, तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. केंद्राची बाहेरची खोली भरली होती, तुमच्या फोटोला शेवंतीचा हार होता, आणि एकेक जण उठून तुम्हाला ‘सेवाव्रती’ आणि ‘मायेची सावली’ म्हणत होता. एका पाहुण्यांनी तर तुम्हाला दीपस्तंभ केलं. यवतमाळात समुद्र नाही, दीपस्तंभ कुठून आणला देव जाणे. तुम्ही असतात तर माझ्याकडे बघून डोळे मोठे केले असतेत आणि आपण दोघी मागच्या दारानं चहाला सटकलो असतो. माझं नाव पुकारलं तेव्हा मी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, हिला रडू आवरत नाही. खरं म्हणजे मला भांडायचं होतं, आणि हार घातलेल्या फोटोशी चारचौघांत भांडता येत नाही.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. आपलं भांडण अर्धंच राहिलं आहे. त्यात जे पुढे घडलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

नऊ वर्षांपूर्वी बाभुळगावच्या एसटीतून उतरून मी पहिल्यांदा केंद्रात आले, तेव्हा माझ्याकडे समाजकार्याची पदवी होती, नवी कोरी फाईल होती आणि गरजेपेक्षा जास्त अक्कल होती. आपलं केंद्र म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. दिव्यांग माणसं, एकट्या बाया, म्हातारेकोतारे यायचे. त्यांची पहिली मुलाखत घ्यायची, काय लागतं ते नोंदवायचं, आणि मग प्रमाणपत्र असो, उपचार असो, निवारा असो, ते मिळेपर्यंत मागे लागायचं. पहिली मुलाखत घ्यायचं काम मला शिकायचं होतं. मला वाटलं होतं, बसायला टेबल मिळेल. तुम्ही मला लसूण दिला.

सुपात लसणाच्या गड्ड्या, शेजारी चटईवर एक म्हातारे बाबा, आणि तुम्ही तिघांच्या मध्ये सूप सरकवून म्हणालात, “सोल.” मी सोलायला लागले. बाबाही सोलायला लागले. कोणी काही बोलेना. मला घाम फुटला, मुलाखतीत एवढी शांतता चालते हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्या गड्डीला बाबा आपण होऊन म्हणाले, “सून वाईट नाही माझी, मॅडम. पन माझ्या खाटेपाशी कोणी येतच नाही.” तुम्ही मान वर न करता ‘हूं’ म्हणालात, आणि पुढचा पाऊण तास ते बोलत राहिले. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, “हात गुंतले का तोंड सुटते.” पावसाळ्यात लसूण, थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा, उन्हाळ्यात चिंच फोडायची. एकदा पाहणीला आलेल्या साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं होतं, इथे खानावळ चालते का. तुम्ही म्हणालात, “नाई साहेब, ऑफिसच आहे. बसा, तुमी बी सोला.” आणि साहेब बसले! अर्ध्या तासात त्यांनी स्वतःच्या आईचं सगळं सांगितलं. निघताना शेरा लिहायला विसरले, तो आपण नंतर फोन करकरून मिळवला.

तुमचा दुसरा नियम त्याहून कडक होता. ज्याची केस, त्याचं तोंड. माणसाबरोबर कोणीतरी आलेलं असायचंच, भाऊ, नवरा, पुतण्या, कधी गावचा पुढारी. ते सोबतचे लोक भराभरा बोलायचे आणि ज्याच्यासाठी आले तो खाली बघत बसायचा. तुम्ही गोड आवाजात म्हणायचात, “भाऊ, समोर चहा मस्त भेटते, या पिऊन.” ते गेले की दार अर्धं लोटून घ्यायचात. समोरच्या चहावाल्यानं तुमच्या फोटोला दुसरा हार घालायला हवा होता. त्याचं निम्मं गिऱ्हाईक तुम्ही पाठवलेलं होतं.

हा नियम मला तोंडपाठ होता, पण अंगात मुरायला वंदना यावी लागली. घाटंजीकडच्या खेड्यातली, अठ्ठावीस वर्षांची, जन्मतः ऐकू न येणारी. भाऊ घेऊन आला होता, चांगला बोलका. तुम्ही त्या दिवशी पंचायत समितीत गेला होतात. मी वीस मिनिटांत चार पानी फॉर्म भरला, एकही रकाना रिकामा नाही, आणि संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही चष्मा लावून शांतपणे वाचलात.

“मस्त लिहिलं वो. अक्षर बी चांगलं आहे. हे भावाची केस झाली. आता पोरीची दाखव.”

“ताई, तिला ऐकू येत नाही. बोलताही येत नाही.”

“तुले तिची बोली येत नाही, असं म्हण ना.”

मी तणतणत घरी गेले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एसटीचं तिकीट आणि पिशवीभर शेंगा देऊन त्या गावी पाठवलंत. वंदनाच्या अंगणात दोन तास बसले. शेंगा संपल्या, माझा धीरही संपत आला, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि मला न्हाणीकडे नेलं. दार आतून दाखवलं. आतून कडी नव्हती. हिला ऐकू येत नाही, आत काही झालं तर हाक कशी मारणार, म्हणून घरच्यांनीच काढून टाकली होती, काळजीपोटीच. मग तिनं मला आंघोळीला कसं उभं राहायचं ते करून दाखवलं. एक पाय दाराला टेकवून. अशी ती लहानपणापासून आंघोळ करत होती.

मी परत येऊन म्हटलं, ताई, आपल्या फॉर्ममध्ये कडीला रकाना नाही. तुम्ही म्हणालात, मग समासात लिही. पेन्शन आणि प्रमाणपत्राला सात महिने लागले. कडी त्याच आठवड्यात बसली. ती बसवायला भाऊच सुताराला घेऊन आला, आणि रडला, असं नंतर कळलं. मला माझ्या नोकरीचा अर्थ त्या आठवड्यात समजला आणि तो तुमच्यामुळे समजला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही ‘चाल, फालतू’ म्हणून उडवून लावलं असतंत.

पण सगळंच तुमचं बरोबर होतं असं समजू नका. लिहिण्यावरून आपला वाद नऊ वर्षं चालला आणि मी अजून हरलेले नाही. तुम्ही माणसासमोर कधी पेन काढायचा नाहीत. “लेखणी पाह्यली का माणूस अर्ज देते, गोष्ट सांगत नाही.” मी म्हणायचे, आमच्या बाभुळगावच्या बायांना विचारा. समोरच्यानं लिहून घेतलं म्हणजे ऐकलं, असं त्या धरतात. तुम्ही नुसत्या ‘हूं’ करता, त्यांना वाटतं आपलं बोलणं वाऱ्यावर गेलं. शिवाय तुमच्या आठवणीचे प्रताप मी पाहिले होते. दुपारी आठवून आठवून लिहिताना तुम्ही दारव्ह्याच्या शांताबाईंची काठी दिग्रसच्या शांताबाईंना पाठवलीत आणि दिग्रसचा चष्मा दारव्ह्याला. मी महिनाभर तुम्हाला त्यावरून चिडवलं. तुम्ही म्हणालात, “दोघींची बी तक्रार आली काय? नाई ना? दोघींले दोन्ही लागत होतं.” शेवटी आपण तोड काढली, तुम्ही ऐकायचं आणि मी कोपऱ्यात बसून लिहायचं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशा दोघीही आपापल्या जागी ठाम. ते दिवस फार चांगले गेले, ताई.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत आले, घरी कोण कोण असतं. तुम्हाला नऊ वर्षांत विचारलं नाही. ‘घरी बहीण असते’ एवढं तुम्ही एकदा म्हणाला होतात. मी धरून चालले, असेल कोणी धाकटी, असेल नोकरीबिकरीत. तुम्ही संध्याकाळी पाचच्या ठोक्याला केंद्रातून का उठता, बाहेरगावच्या मुक्कामी प्रशिक्षणाला कधीच का जात नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी जोडून पाहिलं नाही. हा दोष माझा, तो आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी तुमच्यावर बोट ठेवणार आहे.

दिवाळीनंतर तुम्ही यायच्या बंद झालात. पोटाचं दुखणं किती पुढे गेलं आहे हे तोवर केंद्रात सगळ्यांना कळलं होतं. मग एक दिवस तुमचा फोन आला. “घरी ये. नोंदणीचा एक फॉर्म घेऊन ये, कोरा.” लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून तुमची ती अरुंद गल्ली, टोकाला तुमचं दोन खोल्यांचं घर. दार तुमच्या बहिणीनं, बेबीताईंनी उघडलं. पन्नाशीच्या पुढची बाई, दोन वेण्या, अंगात फुलाफुलांचा गाऊन. त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या चपलांकडे पाहिलं, त्या उचलून सरळ रेषेत लावल्या आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

तुम्ही खाटेवर होतात. तीन वाक्यांत सगळं सांगितलंत. जन्मापासून अशी आहे, समज लहान मुलाएवढी. आई गेल्यापासून एकोणीस वर्षं मीच करते. माझ्यामागं हिचं कोणी नाही. आणि मग म्हणालात, “लिही.”

तुम्ही, मला, ‘लिही’!

शेजारच्या जिल्ह्यातली एक निवासी संस्था तुम्ही ठरवली होती. दुखणं लपवून स्वतः जाऊन पाहून आला होतात. स्वच्छ आहे, बाया मायेनं करतात, डॉक्टर येतो. कागदपत्रं एका पिशवीत, कपडे दुसऱ्या पिशवीत, प्रत्येक कपड्याच्या आत लाल दोऱ्यानं ‘प्रमिला’ हे बेबीताईंचं कागदावरचं नाव शिवलेलं. तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेले. तुमचा आवाज त्या दिवशी वेगळा होता. इतकी वर्षं मी सोबत आलेल्यांचे आवाज ऐकले होते, तसा. ‘अर्जदाराची स्वतःची इच्छा’ हा रकाना आला तेव्हा तुम्ही थांबलाही नाहीत. “तिथं राहायले तयार आहे, लिही.” मी लिहिलं आणि मग माझा हात थांबला.

“ताई, बेबीताईंना विचारलं?”

“तिले काय समजते, शुभांगी.”

हे वाक्य कोणा नातेवाइकानं उच्चारलं की तुमचे कान टवकारायचे. केस इथून सुरू होते बरं, असं तुम्ही मला डोळ्यांनी खुणवायचात. आणि आज तेच तुमच्या तोंडून. आतल्या खोलीत ती बाई बसलेली, मधे नुसता पडदा. मला राग आला. माझा राग तुम्हाला ठाऊक आहे, आधी तोंडातून बाहेर पडतो आणि मग डोक्यात शिरतो. मी म्हटलं, “लोका सांगे ब्रह्मज्ञान...”

पुढचं मी बोलले नाही, पण ते कोणाला पाठ नसतं? तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. पाठीची हाडं ब्लाउजमधून दिसत होती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढचं काही न विचारता मी उरलेले रकाने भरले, ‘मुलाखत घेणाऱ्याची सही’ या जागी सही केली आणि निघून आले. पडदा बाजूला करून आत जायला मला दोन पावलं टाकायची होती. ती मी टाकली नाहीत.

त्यानंतर तीनदा आले. आपण कशाकशावर बोललो! आमच्या शेतातल्या कापसाच्या वेचणीवर, केंद्रातल्या नव्या मुलीच्या अक्षरावर, दवाखान्यातल्या बेचव खिचडीवर. एकदा तुम्ही सुरू केलंत, “शुभांगी, थे बेबीचं...” तेवढ्यात बेबीताई पाण्याचा पेला घेऊन आत आल्या आणि तुम्ही म्हणालात, काही नाही. शेवटच्या वेळी तुम्ही माझा हात बराच वेळ धरून ठेवलात. मी माफी मागणार होते. म्हटलं, पुढच्या वेळी निवांत मागू.

तुम्ही दुपारी गेलात. फोन तीनदा वाजला होता. मी मुलाखतीत होते, आणि मुलाखतीत फोन उचलायचा नाही हा तुमचाच नियम.

तेरावं झाल्यावर तुमचे चुलतभाऊ प्रकाशदादा केंद्रात आले. ढाणकीला त्यांचं धान्याचं दुकान, तेरा दिवस ते बंद ठेवून इथे थांबलेला सरळ मनाचा माणूस. म्हणाले, “मॅडम, सोमवारी गाडी सांगतली आहे. बेबीले सोडून येतो. कुंदाची शेवटची इच्छा होती. तुमचा फॉर्म तेवढा द्या.”

मी म्हटलं, “दादा, मला बेबीताईंची मुलाखत घ्यायची आहे.”

“अवो, फॉर्म तं झाला ना?”

“झाला. चुकीचा झाला.”

रविवारी सकाळी मी तुमच्या घरी गेले. सूप नेलं, शेंगा नेल्या. प्रकाशदादा शेजारी बसले आणि प्रेमानं म्हणाले, “बेबी, तिथं चांगलं आहे ना? जातं ना तिथं? हो म्हण.” बेबीताई म्हणाल्या, “हो.” दादांनी माझ्याकडे पाहिलं, झालं की नाही म्हणून. मी म्हटलं, दादा, चौकात चहा चांगला मिळतो म्हणतात. ते हसले, आणि खरंच गेले.

मग आम्ही दोघी. शेंगा सोलत होतो. मी विचारलं, इथे राहायला आवडतं की दुसरीकडे. काही नाही. तिथल्या संस्थेचे फोटो दाखवले. पाहिले आणि परत दिले. अर्धा तास गेला, तास गेला. त्या मान तिरकी करून बसल्या होत्या, जणू मी नाहीच. माझ्या मनात आलं, कुंदाताईच बरोबर असतील. सांगते ते खरं, मनात आलं. एकोणीस वर्षं जिनं केलं तिला कळणार की एका सकाळीत मला?

एकाएकी त्या उठल्या. “नळ आले.”

मला काही ऐकू आलं नाही. आतलं मडकं उचललं नाही, बादली घेतली नाही, त्या तडक बाहेर पडल्या. मी मागे धावले. गल्लीतल्या पहिल्या दारावर थाप, “नळ आले वो!” दुसऱ्या दारावर थाप, “नळ आले!” नऊ दारं. तुमच्या भागात पाचव्या दिवशी पाणी येतं, कधी येईल त्याचा नेम नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. बाया पाइप, पाण्याचे पितळी गुंड, बादल्या घेऊन बाहेर आल्या, आणि तेव्हा कुठे नळाला धार लागली. सातव्या घरी कोणी बाहेर आलं नाही. बेबीताईंनी थाप मारत बसण्यात वेळ घालवला नाही, सरळ आत शिरल्या, तिथल्या म्हाताऱ्या गुरुजींची बादली बाहेर आणली, नळाखाली लावली आणि मगच पुढच्या दाराशी गेल्या.

समोरच्या रझियाभाभी पाइप जोडता जोडता मला म्हणाल्या, “पानी आने के पहले पाइप में हवा घुर्र करती ना मॅडम, वो इसकोच सुनाई देती. बेबी है तो गल्ली को पानी है. पिछले महिने इसको बुखार था, आधी गल्ली प्यासी रही.” मग थोड्या वेळानं, “कुंदाबाजी को क्या मालूम, वो तो दिनभर ऑफिस में.”

प्रकाशदादा चहा पिऊन परतले होते. ओल्या गल्लीत चपला हातात घेऊन उभे होते. बेबीताई धापा टाकत आल्या तसं ते मायेनं म्हणाले, “बेबी, काहून इतकी धावतं वो? तिथं चोवीस तास पानी असते. असं पळा लागत नाही तिथं.”

बेबीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवसातलं त्यांचं आपण होऊन बोललेलं हे दुसरंच वाक्य.

“मंग मी काय करू तिथं?”

दादा तिथेच पायरीवर बसले. चपला खाली ठेवून म्हणाले, “गाडीवाल्याले फोन करतो, बाप्पा.”

दुपारी आम्ही सगळे तुमच्या पुढच्या खोलीत बसलो. बेबीताई मधोमध. रझियाभाभींची मुलगी इथेच नर्सिंगला आहे, ती अभ्यासाला आणि झोपायला तुमच्या घरी येईल. घर दोघी बहिणींच्या नावावर आहे, ते तसंच राहील. वरण-भात बेबीताईंना करता येतो, तुम्हाला ठाऊक होतं की नाही कोण जाणे, त्यांनी आम्हा सहा जणांना करून वाढला, मीठ जरा जास्त होतं. केंद्रातून दर आठवड्याला कोणीतरी जाईल, पहिले काही महिने मीच. तोवर जागा राखून ठेवायचं संस्थेतल्या लोकांनी कबूल केलं आहे. हे जमेलच असं मी लिहून देत नाही, ताई. गॅसची मला भीती वाटते. त्या आजारी पडल्या तर काय, पोरीचं लग्न झालं तर काय, हे प्रश्न तुम्ही जितक्या वेळा जागून मोजले असतील तितक्या वेळा आता मी मोजते आहे. पण निदान जिची केस ती बोलली.

जुना फॉर्म मी फाडला नाही. आपल्याकडे चुकलेला फॉर्म फाडत नाहीत, त्यावर तिरपी रेघ मारून कारण लिहितात आणि ज्याची चूक त्यानं सही करायची असते. मी रेघ मारली आणि लिहिलं, ‘अर्जदाराशी न बोलता भरला.’ तुमचं नाव त्यात कुठे येत नाही. तुम्ही तर सोबत आलेली नातेवाईक होतात, आणि सोबत आलेल्यांना असंच बोलावं लागतं, त्यांच्या जिवाला घोर असतो. चूक मुलाखत घेणारीची होती. सही करताना मला तुमचा इतका राग आला आणि तुमची इतकी आठवण आली की त्या नव्या मुलीनं मला पाणी आणून दिलं.

तुम्ही का विचारलं नाहीत, हे मला उशिरा कळलं. ‘कुठे राहशील?’ असं बेबीताईंना विचारायचं तर आधी ‘माझ्यामागं’ म्हणावं लागलं असतं. मला ते तुम्ही सहज म्हणालात. तिच्या तोंडाकडे पाहून ते तुमच्याच्यानं म्हणवलं नाही. ‘तिले काय समजते’ याचा अर्थ ‘मला तिला सांगवत नाही’ एवढाच होता. हजार लोकांची दुःखं जिनं मान खाली घालून ऐकली तिला घरातलं एक वाक्य उच्चारता आलं नाही, यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि मी तुम्हाला टोमणा मारला. तो मी परत घेते. तुम्ही चुकलात हे मात्र परत घेत नाही. चूक पाहायला तुम्हीच शिकवलंत.

काल नवा फॉर्म पुरा करायला गेले होते. बेबीताई दारात बसून चिंध्या धूत होत्या. मी जरा भीत भीतच विचारलं, कुंदाताईंना किती बरं नव्हतं, हे तुम्हाला कळलं होतं का.

“कुंदा मरून राह्यलती,” त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. “मले माहीत होतं.”

“मग तुम्ही त्यांना काही बोलला नाहीत?”

त्यांनी चिंधी पिळली, झटकली, दोरीवर टाकली आणि तिची टोकं सारखी केली.

“कायले सांगू? भ्याली असती ना थे.”